परसातला आंतरराष्ट्रीय सामना

सासूबाई कुठे जन्मल्या, हे माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. त्या आहेत, एवढं मला पुरत होतं. कधीकधी तर जरा जास्तच होत होतं. पण गेल्या उन्हाळ्यात दोन देश आमच्या दारात येऊन हाच प्रश्न विचारू लागले आणि घराची सगळी घडी विस्कटली.

आमची लाँड्री आहे. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, आणि स्टेडियमचं कंत्राट आमच्याकडे असल्यामुळे खेळाडूंचे चिखलाने माखलेले कपडे. पुढे दुकान, मध्ये मशिनं, मागे परस, आणि वर आम्ही चौघं: हे, मी, सासूबाई आणि लेक. लेक मांडीवर होती तेव्हा आम्ही आमचा देश सोडून या देशात आलो. घरात त्या देशाला आम्ही ‘तिकडे’ म्हणतो आणि ह्याला ‘इकडे’. तिकडच्या कारभाराला हे रोज सकाळच्या चहाबरोबर शिव्या घालतात आणि इकडच्या कारभाराला संध्याकाळच्या.

लेक अंगापिंडाने दणकट. ओल्या चादरींची ट्रॉली हलवायला दोन माणसं लागतात, ही एकटी खांदा लावून ढकलते. शाळेतल्या खेळाच्या बाईंनी एकदा ते पाहिलं आणि तिला रग्बीत घातलं. रग्बीत आठ जणी समोरच्या आठ जणींच्या खांद्यात खांदे अडकवून त्यांना मागे रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात, आणि त्यात पहिल्या रांगेत आमची लेक. तिचा पहिला सामना बघून हे म्हणाले, "अगं, हे तर ट्रॉलीचंच काम. फक्त इथे ट्रॉली उलटी ढकलते."

पुढे ती इकडच्या राष्ट्रीय संघात गेली. गेली म्हणजे राखीव म्हणून गेली. मोठं जाकीट घालून बाकावर बसायची, आणि सामना संपला की उठायची. सामन्यानंतर सगळ्या जर्सी धुवायला आमच्याकडे येत. एकीवर रक्त, दुसरीवर गवत, चिखल तर सगळ्यांवर. तिची मात्र माझ्याच इस्त्रीच्या घडीसकट परत यायची. तरी मी ती मशिनमध्ये टाकायची, कारण लेक बघत असायची.

निवड समितीतला एक लांबलचक माणूस दर हंगामाला घरी यायचा. त्याला आम्ही समितीसाहेब म्हणायचो. तो चहा प्यायचा, ट्रॉलीच्या दुकानातल्या गिऱ्हाइकासारखा लेकीचे खांदे न्याहाळायचा आणि म्हणायचा, "तिची वेळ येईल." ही वेळ कुठून निघाली होती कोण जाणे, वाटेत तिचं चाक पंक्चर झालं असावं.

इथे या खेळाचा एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. तुम्ही जिथे जन्मलात त्या देशाकडून खेळू शकता, जिथे बरीच वर्षं राहिलात त्या देशाकडून खेळू शकता, नाहीतर आईबाप किंवा आजीआजोबा जिथे जन्मले त्या देशाकडून. पण कुठल्याही एका देशाकडून एकदा मैदानात पाऊल टाकलं की बाकीचे दरवाजे बंद. अगदी एक मिनिट खेळलात तरी. मी म्हटलं, म्हणजे लग्नच की. हे म्हणाले, लग्नात निदान जेवण तरी असतं.

तर उन्हाळ्यात एका बेटावरचा संघ इकडे सामना खेळायला आला. त्यांची कप्तानबाई स्वतः कपड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन आमच्या दुकानात शिरली. बेट एवढंसं, संघाचा धोबी, डॉक्टर आणि कप्तान बहुधा तीच असावी. गाठोडं ठेवताना तिला मागे ट्रॉली ढकलणारी लेक दिसली आणि ती तिथेच भिंतीला टेकली.

"आम्ही चौदाच जणी उरलोय," ती म्हणाली. "पंधरावी बाळंत झाली. शनिवारी पंधरा नसल्या तर आमचं नाव स्पर्धेतून काढतील."

दुकानात खुर्चीवर सासूबाई मोज्यांच्या जोड्या लावत बसल्या होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांना सहसा कुणी काही विचारत नाही. त्यांनी एक मोजा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचं ते बेट ना? मी तिथलीच. तिथेच जन्मले."

दुसऱ्या दिवशी चौदाच्या चौदा जणी आजीला बघायला आल्या. त्यांनी सासूबाईंची खुर्ची उचलून उन्हात नेली, ऊन सरकलं तशी खुर्ची सरकवली, पाय चेपले, गाणी म्हटली. मी सूनबाई म्हणून इतकी वर्षं जे केलं ते पाण्यात गेलं. संध्याकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "माणसं बघ कशी असतात." मी टॉवेलची गठडी जरा जोरातच आपटली.

ही बातमी समितीसाहेबांच्या कानावर गेली. ते मऊ उशी घेऊन आले, ती सासूबाईंच्या पाठीशी ठेवली आणि विचारलं, "आजी, तुमचा जन्म कुठला?"

"इथलाच," सासूबाई म्हणाल्या. "ह्याच गल्लीत. तेव्हा इथे दिवे नव्हते."

आम्हाला घरात त्यांनी कायम सांगितलं होतं की त्या तिकडे जन्मल्या. माणसाला जन्माला यायला एक जागा पुरते; आमच्या सासूबाई एव्हाना तीन ठिकाणी जन्मल्या होत्या, आणि तिन्ही ठिकाणी सुखरूप.

लेकीने मात्र डोक्याला हात लावला. "आजी, खरं सांग ना गं."

"खरं कशाला हवंय? तुला खेळायचंय ना?"

"खेळायचंय. पण खोटं बोलून नाही. त्या बिचाऱ्या चौदा जणींना फसवून तर नाहीच." आणि मग, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "आणि मला खेळायचंय ते इकडून, आई. मी इथली आहे. हे तुम्हाला कुणालाच कसं कळत नाही?"

मला कळत होतं.

गुरुवारी सकाळी सासूबाई आणि मी परसात चादरींच्या घड्या घालत होतो. मोठी चादर एकटीने घडी होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींकडे यायचं आणि टोकं जुळवायची. घरातली सगळी भांडणं आणि सगळ्या तडजोडी आम्ही दोघींनी अशाच केल्या आहेत, कारण चादर हातात असली की कुणाला निघून जाता येत नाही.

मी चादर ताणली आणि म्हटलं, "आई, आता पुरे. तुम्ही जन्मलात कुठे?"

त्यांनी चादर झटकली. "मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे माहीत नाही. माझे आईबाप कामासाठी सारखे हिंडत होते. आज इथे, उद्या तिथे. मी वाटेत कुठेतरी झाले. आईला एकदा विचारलं तर म्हणाली, गाढवी, तेव्हा मी गाव बघत होते की तुला? पुन्हा विचारायच्या आत ती गेली." त्या चालत माझ्याजवळ आल्या आणि टोकं माझ्या हातात दिली. "बेटावर झाले नसेन कशावरून? इथे झाले नसेन कशावरून? मी जन्मले, एवढं नक्की."

मला त्यांची इतकी माया आली की मी नुसतीच दुसरी चादर उचलली.

तेवढ्यात मागचं दार उघडून समितीसाहेब आत आले. त्यांच्यामागे गळ्यात शिट्टी अडकवलेला पंच, आणि त्याच्यामागे राष्ट्रीय संघाच्या तीन राखीव पोरी, म्हशी परवडल्या अशा. सगळ्यात मागून लेक, हातात नवी कोरी जर्सी, आणि चेहरा असा की मला वाटलं ही कुठली परीक्षा पास झाली.

"आई, मी आज खेळणार आहे! देशाकडून!"

"कुठे?"

"इथे," समितीसाहेब म्हणाले आणि आमचं परस हाताने दाखवलं. "छोटेखानी सामना. तीन विरुद्ध तीन. नियमात बसतो. शेवटच्या मिनिटाला ती मैदानात उतरेल, आणि मग ती कायमची आपली."

"कुणाविरुद्ध?"

"तुमच्याविरुद्ध." त्यांनी खिशातून फोन काढून दाखवला. "तुमच्या तिकडच्या रग्बी संघटनेशी बोललो. संघटना म्हणजे एकटे सरचिटणीसच आहेत. संघ नाही, पण परवानगी आहे. ते म्हणाले, आमचे नागरिक तिथे असतील तर खेळवा, आमचं काय जातंय, फक्त जर्सी मागू नका. तुम्ही तिघं अजून तिकडचेच नागरिक आहात ना? झालं तर."

हे आतून एप्रनला हात पुसत आले. सगळा प्रकार ऐकल्यावर मला वाटलं आता समितीसाहेबांची धडगत नाही. पण ह्यांनी पोट आत घेतलं, छाती बाहेर काढली आणि विचारलं, "म्हणजे मी देशाकडून?"

"अहो, कुठल्या देशाकडून? सकाळी शिव्या घातल्यात ना?"

"ते घरातलं झालं," हे म्हणाले.

मी समितीसाहेबांना बाजूला घेतलं. "एक सांगा. आज ती एक मिनिट खेळली. मग परवा शनिवारी?"

"शनिवारी तिचा विचार होईल."

"विचार बाकावर बसवून होईल की मैदानात?"

ते आमच्या दोरीवरच्या चादरींकडे बघू लागले. तेव्हा माझ्या लक्षात आलं. समितीसाहेबांना ती खेळायला नको होती. ती दुसऱ्या कुणाकडून खेळायला नको होती. मुलीला हळद लावून ठेवायची आणि वरात काढायचीच नाही, असला हा मामला. मी लेकीला हे सांगायला वळले, तर ती त्या जर्सीच्या छातीवरच्या बिल्ल्यावरून अंगठा फिरवत होती. मी ते सांगायचं सोडून दोरीवरच्या चादरी काढायला लागले.

विरुद्ध संघाला सारखे कपडे हवेत, असं पंच म्हणाले, म्हणून आम्ही तिघांनी लाँड्रीचे पांढरे एप्रन घातले. एका बाजूला कपड्यांच्या दोऱ्यांचे खांब म्हणजे आमचा गोल, दुसऱ्या बाजूला सांडपाण्याची नाली म्हणजे त्यांची रेषा. मशिनचं पाणी रोज परसातून वाहतं, त्यामुळे चिखल भरपूर होता. आधी राष्ट्रगीतं. आमचं गाताना ह्यांना पहिली ओळ येत होती, मला दुसरी, आणि सासूबाईंनी भलतंच गाणं म्हटलं. मग इकडचं. तीन राखीव पोरींनी ओठ हलवले. लेकीला ती जर्सी घालून पालथ्या टबावर बसवलं होतं. स्वतःच्या घरच्या परसात, तिघींच्या सामन्यात, माझी लेक राखीव! ती टबावरून उठली, छातीवर हात ठेवला आणि सगळं राष्ट्रगीत म्हणाली, शेवटच्या कडव्यापर्यंत, एकटी. तिला ते पाठ आहे. ते तिचंच आहे. तिथे मला रडू फुटलं, आणि समितीसाहेबांना वाटलं मी तिकडच्या आठवणीने रडतेय.

शिट्टी झाली. पहिल्या स्क्रममध्ये ह्यांनी आणि मी खांदे लावले, आणि मागे सासूबाई चेंडू काखेत धरून उभ्या राहिल्या, कारण तो खाली ठेवायला त्या तयार नव्हत्या. समोरच्या तिघींनी आम्हाला असं रेटलं की आम्ही दोघं दोन दोऱ्या आणि सात-आठ उशांचे अभ्रे घेऊन भिंतीला लागलो. इतक्या वर्षांत हे माझ्या इतके जवळ क्वचितच आले असतील.

"पुन्हा," पंच म्हणाले.

पुन्हा. ह्यांनी आरोळी ठोकली. ती कुठल्या भाषेत होती ते समजलं नाही, पण देशभक्तीची होती. या खेपेला ह्यांचा उजवा गुडघा कडकन वाजला आणि हे चिखलात आडवे झाले. तो गुडघा आधीच अधू आहे. तिघींपैकी एकीचा पाय ह्यांच्या अंगावरून गेला, ती बिचारी "सॉरी काका" म्हणत पुढे पळाली, पण चेंडू सासूबाईंच्या काखेत आहे हे बघून तिला काय करावं सुचेना. सासूबाईंना पाडायला कुणाचंच मन होईना.

"पंच," सासूबाई म्हणाल्या, "आमचा गडी पडला. बदली हवी."

"बदली खेळाडू कोण आहे?"

आत मशिन तेवढं धडधडत होतं. मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. समितीसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि टबाकडे वळून हाक मारली, "चल, आता तू. शेवटचं मिनिट. ये इकडे."

लेक उठली. तिने एकदा समितीसाहेबांकडे बघितलं, एकदा चिखलातल्या बापाकडे. मग अंगातली जर्सी काढली, नीट घडी घातली, आमच्या घरात घालतात तशी, बाह्या आत, बिल्ला वर, आणि टबावर ठेवली. दाराच्या मागे खिळ्याला तिचा एप्रन असतो. तो काढून तिने बनियनवर बांधला आणि आमच्या बाजूला येऊन उभी राहिली.

"बदली," ती पंचांना म्हणाली. "जन्म तिकडचा. विचारा हवं तर, आई इथेच आहे."

समितीसाहेब ओरडले, "अगं, तू आमची राखीव आहेस!"

"राखीव आहे. खेळलेली नाही."

पंच चांगला माणूस होता. त्याने थोडा विचार केला आणि शिट्टी वाजवली.

मग जे झालं ते मी अगदी जवळून बघितलं. लेक वाकली, तिघींच्या खांद्यांना खांदा लावला आणि ट्रॉली ढकलतात तसं ढकललं. मी मदतीला गेले, पण माझी गरज नव्हती. मी नुसता तिच्या कमरेला हात लावून बरोबर चालत होते. त्या तिघी मागे सरकत सरकत नालीपलीकडे गेल्या. आमच्यामागून सासूबाई मंदिराला प्रदक्षिणा घालाव्यात तशा चालत आल्या, नालीपाशी गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या आणि चेंडू रेषेपलीकडे टेकवला. नंतर त्या लगेच उठू शकल्या नाहीत. पंचांनी त्यांना उठवलं आणि गुण दिले.

"बाबांच्या जागी दुसरं कोण जाणार होतं?" लेक नंतर इतकंच म्हणाली. मग आत जाऊन इस्त्रीच्या टेबलावर डोकं ठेवून खूप रडली. इकडचं दार तिने स्वतःच्या हाताने लावलं होतं, आणि ज्या देशाची ती झाली होती त्याला संघच नव्हता. मी तिच्या पाठीवर हात फिरवत बसले. दुपारी सरचिटणीसांचा फोन आला. ते आनंदाने ओरडत होते. आमचा देश आजवर खेळलेला एकही सामना हरलेला नाही, असं आता त्यांना सगळ्यांना सांगता येणार होतं.

संध्याकाळी कप्तानबाई धुतलेलं गाठोडं न्यायला आली. लेकीने तिला सगळं सांगितलं आणि सासूबाईंनाही सांगायला लावलं. सासूबाई मान खाली घालून म्हणाल्या, "मी कुठे जन्मले ते मला माहीत नाही. तुम्ही खुर्ची उन्हात नेलीत, मला बरं वाटलं."

कप्तानबाईने गाठोडं खाली ठेवलं. शनिवारी त्या चौदाच असणार होत्या, त्यांचं नाव जाणार होतं. तिने आम्हाला चार शब्द सुनावले असते तरी मी ऐकून घेतले असते. पण ती सासूबाईंच्या समोर उकिडवी बसली.

"आमच्या बेटावर निम्म्या म्हाताऱ्या अशाच," ती म्हणाली. "होडीतून आल्या, कुठे झाल्या कुणाला ठाऊक. आम्ही एकच बघतो. दुसरा कुणी हक्क सांगत नसेल तर ती आमची. नियम आमच्या संघटनेला विचारावा लागेल, पण मी त्यांना जसं आहे तसंच सांगेन." मग ती लेकीकडे वळली. "एकदा खेळलेल्याला देश बदलायचा एकच रस्ता आहे. तीन वर्षं कुणाकडूनच खेळायचं नाही. नुसतं बसायचं. मग आजीच्या देशाकडून येता येतं. नाव गेलं तर गेलं, पुन्हा घालू. बसशील?"

लेकीने नाक पुसलं. "बसायची मला चांगली सवय आहे," ती म्हणाली, आणि सामना झाल्यापासून पहिल्यांदा हसली.

"तीन वर्षं?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे मला तेवढं जगावं लागणार."

"हो," मी म्हटलं. "आणि तेवढी वर्षं एकाच उत्तरावर राहावं लागणार."

"ते जास्त अवघड आहे," हे गुडघ्यावर बर्फ धरून म्हणाले.

सगळे गेल्यावर मी परसात गेले. टबावर ती जर्सी तशीच होती, बाह्या आत, बिल्ला वर. ती मी न धुता इतर जर्सींच्या गठ्ठ्यात ठेवली. धुण्यासारखं तिच्यावर काही नव्हतंच. शेजारी लेकीचा एप्रन पडला होता. पांढरा म्हणून ओळखू येत नव्हता. खांद्यापासून खालपर्यंत चिखल, एका पट्टीवर कुणाच्या तरी नखांचे ओरखडे. तो मी मशिनमध्ये टाकला नाही. दगडावर घेतला, साबण लावला आणि हाताने घासत बसले. चिखल निघेना. मी पुन्हा साबण लावला, पुन्हा घासला, आणि सारखं वाटत होतं, इतक्यात निघू नये.